दंड एकट्या पोरालाच का?

डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलं की लोक आम्हा मेकॅनिकना फोन करतात. मी आधी विचारतो, गाडी चालू केली का? नसेल, तर टाकी रिकामी करून बहुतेक वेळा भागतं. केली असेल, तर हाय प्रेशर पंपाचं वंगण जातं, कारण ते काम डिझेलच करतं. मग धातूचा चकचकीत कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो आणि मालकाचे डोळे पांढरे होतात.

भरपाई मात्र पेट्रोल पंपावर इंधन भरणाऱ्या पोराच्या पगारातून! हे मला पटत नाही. गाडी कंपन्या एकच मॉडेल दोन्ही इंधनांत विकतात, आणि पेट्रोलचं बारीक नोझल डिझेलच्या टाकीत सहज शिरतं. काही गाड्यांना ते अडवणारं झाकण असतं. सरकारने ते सक्तीचं करावं. आणि मालकांनो, काच खाली करून ‘डिझेल’ म्हणायला पैसे पडत नाहीत.