अभयारण्यातील जीप आणि आपला पाठीचा कणा

बुलढाणा-खामगाव मार्गावरील ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटर परिसरात पसरलेले आहे. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ १३०० किलोमीटरहून अधिक भटकंती करून २०१९ च्या अखेरीस येथे पोहोचला आणि हे नाव सर्वदूर गेले. तथापि वाघ दिसेलच, ही अपेक्षा ठेवू नये. अस्वल किंवा बिबट्या दिसला, तरी भाग्यच म्हणावे. धूळ आणि हादरे मात्र निश्चित मिळतात.

उघड्या जीपमधील मागचे उंच आसन सर्वांना हवेसे वाटते. तेथून जंगल उत्तम दिसते. परंतु ते मागच्या चाकांवर येत असल्याने खड्ड्याचा धक्का तेथेच सर्वाधिक बसतो. आदर म्हणून ती जागा आजी-आजोबांना देण्याची पद्धत येथे सोडावी. ज्येष्ठांना चालकाशेजारी किंवा मधल्या आसनावर बसवावे. दोन्ही पावले तळाला टेकवून, दांडा धरून बसावे. उभे राहू नये. लहान मुलांना मोठ्यांच्या मध्ये बसवावे. गर्भवतींनी आणि अलीकडे पाठीची, पोटाची वा डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ही फेरी टाळणेच हिताचे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

नाकातोंडावर सुती रुमाल बांधावा. दमेकऱ्यांनी इनहेलर पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावा. गाडी लागत असेल तर पुढे बसून दूरवर नजर ठेवावी, मोबाइल पाहू नये. निघण्यापूर्वी दीड-दोन तास हलका आहार घ्यावा. हिवाळ्यातील पहाटेसाठी कानटोपी व उन्हाळ्यासाठी भरपूर पाणी जवळ असावे.

परतल्यावर अंग दुखणे स्वाभाविक असून ते दोन-तीन दिवसांत ओसरते. परंतु ज्येष्ठांच्या पाठीत हादऱ्यानंतर एकाच जागी तीव्र वेदना सुरू झाली आणि उभे राहिल्यावर ती वाढू लागली, तर मणका दबून मोडल्याची शक्यता असते. अशा वेळी तेल लावून मालीश करू नये; डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा. पायांना बधिरता किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली वा तिच्यावरील ताबा सुटला, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

जंगलाचा आनंद सर्वांनी घ्यावा. मात्र कोणी कोठे बसायचे, हे गाडीत चढण्यापूर्वीच ठरवावे.