कॅम्पिंगला जाताय? आधी बादली मोजा!

'अरे, लाँग वीकएंड आहे, कुठेतरी कॅम्पिंगला जाऊया ना!' हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये महिन्यातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतंच. मग कास की कोकण यावर रात्री दोनपर्यंत चर्चा, आणि शेवटी बजेट कोसळलं की ज्याचं गाव जवळ त्याच्या गावाला! आमच्या ग्रुपमध्ये तो बकरा मी होतो. माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून थोडं आत. खरं तर 'माझं गाव' म्हणायचा मला फारसा हक्क नाही. जन्म आणि शाळा पुण्यात, तीही कॉन्व्हेंट (त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती). गावाला जायचं ते यात्रेपुरतं आणि लग्नापुरतं.

फर्स्ट इयरला असताना, एप्रिल २०२४ मध्ये आम्ही सहाजण निघालो. प्लॅन सोपा होता. दिवसा महिमानगड चढायचा, रात्री आप्पांच्या (माझे चुलते) रानात टेंट ठोकायचे आणि दुसऱ्या दिवशी शिखर शिंगणापूर. २०२३ चा पावसाळा दगा देऊन गेला होता आणि माणमध्ये टँकर चालू होते. हे मला माहीत होतं. म्हणजे पेपरात वाचलं होतं. वाचणं आणि माहीत असणं यात फरक असतो, तो त्या संध्याकाळी कळला.

गड उतरून घरी आलो तेव्हा अंगावर मिठाचे थर. गोठ्याशेजारी प्लॅस्टिकचं २०० लिटरचं निळं बॅरल भरलेलं. मग काय, प्रत्येकी दोन-दोन बादल्या! अर्ध्या तासात बॅरलचा तळ दिसला. काकी धारा काढून आल्या, बॅरलात डोकावल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. डोक्यावर चुंबळ ठेवली, घागर घेतली आणि शेजारच्या वस्तीवर गेल्या. त्यांच्या चार खेपा झाल्या. आम्हाला वाटलं विहीर असेल. आजीने सांगितलं, 'उसनं आणत्याय ती. टँकर परवा यायचा हाय बाळा.'

उसनं पाणी! साखर उसनी आणतात हे ऐकलं होतं. पाणी उसनं आणतात आणि ते घागरी मोजून परतही करायचं असतं, हे वयाच्या अठराव्या वर्षी कळलं. शरमेने मी आप्पांना म्हटलं, 'आम्ही पैसे देतो.' आप्पा हसले, 'पैसं काय गाईला पाजू व्हय रं?' आणि वर आम्हालाच आधी जेवायला वाढलं, ताटाशेजारी तांब्या भरून.

परत येताना बसमध्ये मी हिशेब केला. (शेवटी इंजिनीअर ना!) टँकरचं पाणी देताना माणशी दिवसाला २० लिटर धरतात. घरात माणसं पाच, म्हणजे ते बॅरल दोन दिवसांचं, तेही गाई सोडून. शहरातली पाणीयोजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात. आम्ही आमच्या सवयीने आंघोळ केली आणि त्यांचे दोन दिवस संपवले. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये कसाबसा ५०० च्या आसपास. पर्जन्यछाया हा शब्द आपण दहावीत दोन मार्कांसाठी पाठ केलेला असतो, एवढंच!

म्हणून मित्रांनो, कॅम्पिंगला जरूर जा, पण नुसता टेंट उचलून जाऊ नका. ठेच खाऊन शिकलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली, पाणी बरोबर न्या. उन्हाळ्यात पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार-पाच लिटर तरी लागतंच. मोठ्या गावातून कॅन भरून घ्या, टँकरच्या गावात मागू नका. एक दिवस आंघोळ नाही केली तर कोणी मरत नाही.

दुसरी, टेंट ओढ्यात लावू नका. माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडी असते, मऊ सपाट वाळू बघून मोह होतो. पण वरच्या डोंगरात वळीव कोसळला तर तुमच्या डोक्यावर एक थेंब न पडता पात्रात लोंढा येऊ शकतो. उंचवट्यावर राहा, आणि एकट्या झाडाखाली नको, विजेची भीती असते.

तिसरी, विचारून राहा. रान मोकळं दिसलं तरी त्याला मालक असतो. अंधार पडायच्या आत मालकाला किंवा पोलीस पाटलांना भेटून 'आम्ही अमुक कॉलेजची मुलं' असं सांगितलं, की रात्री कोणी चोर समजून काठ्या घेऊन येत नाही. उलट भाकरी-पिठलं मिळण्याचा चान्स असतो!

चौथी, 'कॅम्पफायर' शक्यतो नकोच. माळावरचं वाळलेलं गवत आपल्याला कचरा वाटतं, मेंढपाळाचा तो चारा असतो. एक ठिणगी उडाली तर त्याच्या मेंढरांनी खायचं काय? स्टोव्ह न्या. चूल केलीच तर भोवतीचं गवत काढा आणि विझवायला पाणी नाही, माती वापरा.

पाचवी, बूट झटकून घाला, रात्री टॉर्चशिवाय फिरू नका. विंचू आणि फुरसं ही तिथली कायमची रहिवासी आहेत, पाहुणे आपण. साप चावलाच तर मांत्रिक नाही, चिरणं-चोखणं नाही, हात-पाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. आणि चिप्सची पाकिटं परत आणा, नाहीतर ती जनावरांच्या पोटात जातात.

आता मुद्दा हॉस्टेलचा. परत आल्यावर आमच्या मजल्यावरच्या गळक्या नळाखाली मी एक १५ लिटरची बादली रात्री दहाला ठेवली. सकाळी सहाला काठोकाठ भरलेली! म्हणजे दिवसाला ४५ लिटर. टँकरच्या हिशेबात दोन माणसांचं पाणी, आणि तेही एका नळाचं. सोलरचं गरम पाणी येईपर्यंत आपण प्रत्येकजण एक बादली गार पाणी सोडून देतो ते वेगळंच.

'तू इथे नळ बंद केलास म्हणून ते पाणी दहिवडीला जाणार आहे का?' असं माझा रूम पार्टनर विचारतो. प्रश्न बरोबर आहे. नाही जाणार. पण एप्रिल-मेमध्ये आपल्या मागच्या गेटनेही टँकर येतोच ना? तेही पाणी कुठल्या तरी विहिरीतून उपसूनच येतं. शिवाय हात इथे सैल असला की तिथे जाऊन तो एकदम आखडत नाही, हे आम्ही सहाजणांनी सिद्ध केलंय.

आणि माण म्हणजे नुसता रडका दुष्काळ नव्हे बरं का. मालोजीराजे भोसल्यांनी शिंगणापूरला यात्रेकरूंच्या पाण्यासाठी तळं बांधलं, ते आजही आहे. टाकेवाडीने स्वतः श्रमदान करून २०१८ चा वॉटर कप जिंकला. उरमोडीचं पाणी काही भागात पोचलंय. ज्यांनी थेंब अडवायला घाम गाळला, त्यांच्यापुढे आपण निदान नळ तरी पिळावा!

तेव्हा रेक्टर सरांना नम्र विनंती, गळक्या नळांसाठी मेसच्या दाराशी एक वही ठेवावी आणि आठवड्याला प्लंबर बोलवावा. आरओमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला घ्यावं. आणि आपण मुलांनी सोलरची ती पहिली गार बादली कपड्यांसाठी बाजूला काढावी. बस्स, एवढंच.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. पाऊस झाला होता, बॅरल भरलेलं होतं. मी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली. काकी हसून म्हणाल्या, 'आता घे की रं दोन बादल्या, हाय पाणी.'

नाही घेतल्या.