तिथे आपले काय काम?

प्रवासवर्णन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडन-पॅरिस उभे राहते. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' वाचताना माझेही तसेच झाले. नवे शहर पायी पालथे घालावे, दिसेल ते पाहावे, भूक लागेल तिथे खावे, ही हौस विमानाचे तिकीट परवडणाऱ्यांची, अशी माझी समजूत होती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घाटकोपरला आमची एक खोली. वडील फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई. ते रोज जातात त्या फोर्टात मी एकोणीस वर्षांत दोनदाच गेले होते, तेही आजीला इस्पितळात नेताना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत शिकवणीचे साठवलेले तीनशे रुपये घेऊन मी एकटीच निघाले. घरी सांगितले, "कॉलेजचे काम आहे." खोटेच सांगितले. 'नुसते बघायला जाते' हे आमच्याकडे कारण होऊ शकत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून प्रथमच मान वर करून पाहिले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही इमारत १८८८ साली पुरी झाली आणि २००४ साली जागतिक वारशात गेली. तिच्यावरच्या नक्षीकामात त्या वेळच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. म्हणजे आपल्यासारख्याच मुलांचा! पुढे चालत हुतात्मा चौकात आले. इथे १८६४ सालचे इंग्रजांचे कारंजे आहे आणि शेजारीच मशाल धरलेले शेतकरी-कामगार. संयुक्त महाराष्ट्राचा धडा परीक्षेसाठी दोनदा पाठ केला होता. त्या पुतळ्यांसमोर उभे राहिल्यावर तो समजला.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहिले की एका बाजूला टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूला गोलसर गॅलऱ्यांची आर्ट डेको घरे दिसतात. २०१८ साली या दोन्हींना मिळून जागतिक वारशाचा मान मिळाला. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. त्यांनी मुंबई न पाहता टॉवर आखला आणि आम्ही मुंबईत राहून तो पाहिला नाही!

दुपारी एका हॉटेलात शिरले. वेटरने पाण्याचे दोन ग्लास ठेवले. "अजून कोणी यायचंय ना?" मी म्हटले, "नाही, मी एकटीच." त्याने दुसरा ग्लास उचलला. एवढीच गोष्ट, पण डोसा येईपर्यंत मला कुठे पाहावे ते कळेना. घरी आई सर्वांचे झाल्यावर जेवते. एका बाईने टेबलाशी बसून स्वतःसाठी पदार्थ मागवायचा, हे मी आमच्या घरात कधी पाहिलेले नाही. संध्याकाळी धोबीतलावला १९०४ सालच्या कयानी या इराण्याकडे मात्र ब्रुन मस्का चहात बुडवून अगदी सावकाश खाल्ला. तोवर माझी भीड चेपली होती.

माझ्या मते ही चैन नव्हे, हे शिक्षण आहे. कोणी म्हणेल, मुलीच्या जातीला एकटे फिरणे धोक्याचे. धोका मी नाकारत नाही. पण माझा भाऊ रात्री दहाला मरीन ड्राइव्हवर जातो, त्याला कोणी 'काय काम?' विचारत नाही. कॉलेजची सहल दरवर्षी निघते. पन्नास जण एका बसमधून जातात आणि एकमेकांचेच फोटो काढून परततात. माझी सूचना आहे की द्वितीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून एक दिवस शहरात एकट्याने धाडावे आणि पाहिलेल्या-खाल्लेल्यावर दोन पाने लिहून घ्यावीत. मग 'कॉलेजचे काम आहे' हे कोणालाही खोटे सांगावे लागणार नाही.

रात्री मी घरी खरे सांगून टाकले. आई गप्प झाली. मी वडिलांना जरा ऐटीतच विचारले, "टर्मिनसच्या फाटकावर कोणते दोन प्राणी आहेत, सांगा बरं?" ते म्हणाले, "एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. बावीस वर्षं बघतोय." मी खजील झाले. मग जहांगीर आर्ट गॅलरीविषयी विचारले. १९५२ पासून ती तिथे आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, दुपारी मी तासभर चित्रे पाहत होते. ते म्हणाले, "बाहेरून पाहिली आहे. आत आपले काय काम?"

माणसाला बावीस वर्षे दारावरून परत पाठवणारा हा प्रश्न आहे, आणि तो त्यांना कोणत्याही पहारेकऱ्याने विचारलेला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो असाच मुक्कामाला असेल. तो पुढच्या पिढीला द्यायचा नसेल, तर मित्रांनो, एकदा एकट्याने निघा. काम काही नसले तरी चालेल.