टोळी कुणाची, मढं कुणाचं?

आमच्या गोदीत टोळी हा शब्द घामाचा आहे. जहाजाच्या पोटात उतरून माल उपसणारी माणसं म्हणजे टोळी. पूर्वी ती पुरवायचा टोळीवाला. कामावर कोण लागणार ते तो ठरवणार, मजुरी त्याच्या हातून येणार, येता येता त्यातली मलई तो खाणार. गिरणीत हेच जॉबर करायचा. त्याच्या मर्जीशिवाय बदलीवालासुद्धा आत शिरायचा नाही.

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो, म्हणून शब्दांचा हिशेब ठेवतो. दोस्तांनो, लालबाग-परळच्या नाक्यावर ज्याला तुम्ही भाई म्हणता, ज्याच्या रील मोबाइलवर बघून छाती फुगवता, तो बंडखोर नाही. भाई म्हणजे पिस्तूल घेतलेला टोळीवाला.

जपानचंच बघा. याकुझांची सगळ्यात मोठी टोळी यामागुची-गुमी. १९१५ साली कोबे शहरात ती निघाली बंदरावरच. हारुकिची यामागुची तिचा पहिला म्होरक्या, गोदीला मजूर पुरवणारा. गुमी म्हणजे जथा, टोळीच. तिसरा म्होरक्या काझुओ ताओका १९४६ पासून १९८१ साली मरेपर्यंत गादीवर होता. त्यानं कोबेच्या गोदीतली ठेकेदारी मुठीत धरली.

यांची रचना कशी? वर ओयाबुन म्हणजे बाप, खाली कोबुन म्हणजे पोर. साकेचा प्याला तोंडाला लावून नातं जोडायचं. मग पोरानं वर पैसा पोचवायचा, वेळ आली तर बापाच्या वाटची जेल भोगायची, चुकलं तर करंगळीचं पेर कापून द्यायचं. आणि ही पोरं कुठली? बरीचशी बुराकूंच्या वस्त्यांतली. बुराकू म्हणजे जपानचे अस्पृश्य. मेलेलं जनावर सोलणारे, कातडं कमावणारे. १८७१च्या फर्मानानं ते कागदावर मुक्त झाले, विटाळ सुटला नाही. कारखान्याचं दार बंद, टोळीचं दार सताड उघडं. पण टोळीनं त्यांना काम काय दिलं? १९६० साली मिइके कोळसा खाणीत संप चालू होता, तेव्हा गुंडांनी एका संपवाल्या कामगाराला भोसकून मारलं. सुरा मालकाच्या कामाचा, मढं कामगाराचं.

आता आपली मुंबई. हाजी मस्तान इथल्याच गोदीत हमाल होता. चोरट्या सोन्यावर मोठा झाला. आणीबाणीत आत गेला, सुटला, आणि ऐंशीच्या दशकात दलित-मुस्लिम सुरक्षा महासंघ काढून आपल्याच दारात पुढारी म्हणून उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या कपड्यांच्या आणि मर्सिडिजच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. पण ज्यांनी त्याचा माल डोक्यावर वाहिला, त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

गिरणगावात काय झालं? ११ जानेवारी १९८२ला वडाळ्यात आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांनी मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या. दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला पोरगा. सात दिवसांनी, १८ जानेवारीला, अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप चिरडला गेला. बापाचा भोंगा बंद पडला आणि पोराला भाईनं हाक मारली. भायखळ्यात रमा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी यांची टोळी होतीच. बाबू रेशीम १९८७ साली जेकब सर्कलच्या लॉकअपात मारला गेला. रमा नाईक १९८८ साली पोलिसांच्या गोळीनं गेला. दगडी चाळीतला गवळी २००४ साली आमदार झाला आणि २०१२ साली त्याला खुनाच्या खटल्यात जन्मठेप लागली.

आणि गिरण्या? १९९१च्या नियमानं त्यांच्या जमिनीचा बाजार खुला झाला. २००१च्या दुरुस्तीनं घरांसाठी आणि मैदानांसाठी ठेवलेला वाटाही आक्रसला. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांना १६ जानेवारी १९९७ला पवईत सुपारी घेतलेल्यांनी मारलं. या टॉवरांमध्ये कुठल्या शूटरच्या आईला खोली मिळाली, ते मला दाखवा.

कुणी म्हणेल, फौजदार आमची जात बघून लाथ घालतो, तिथं भाईच उभा राहतो. राहतो, खरंय. कोर्टात वीस वर्षं लटकणारा खोलीचा तंटा तो संध्याकाळपर्यंत मिटवतो. म्हणून तर पोरं त्याच्याकडं जातात. पण त्याची फी हप्त्यानं फिटत नाही. एक दिवस तो घरातलं पोरगं मागतो. पोरगं आत गेलं की वकील चार तारखांपुरता. पुढचे डबे आई पोचवते.

बुराकूंना ताठ उभं केलं ते याकुझानं नव्हे. १९२२ साली, आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी, त्यांनी क्योटोत सभा भरवून सुइहेइशा काढली. झेंड्यावर काट्यांचा मुकुट लावला. कुठल्या बापाचा प्याला तोंडाला लावला नाही.

गोदीतला जुना टोळीवालाही भाईनं हटवला नाही. १९४८चा गोदी कामगार कायदा आणि १९५१चं डॉक लेबर बोर्ड, यांनी कामगाराचं नाव रजिस्टरात चढवलं. त्यामागं युनियनची लढाई होती. पुढं कंटेनर आला, १९८९ साली खाडीपलीकडं न्हावाशेवा सुरू झालं, इकडची माणसं घटली. आज माझ्यासारखा मक्त्यावर राबतो. आमचा मक्तेदार कोऱ्या कागदावर सह्या घेतो आणि रोजातले पैसे कापतो. टोळीवाला परत आलाय.

त्याच्याशी भांडायला दुसरा टोळीवाला बोलावू नका. दहा जण मिळून मक्तेदाराकडं हजेरीपत्रक मागा. पगाराची चिठ्ठी मागा. पीएफचा नंबर मागा. तो धमकी देईल, कदाचित भाईलाच पाठवील. तेव्हा तरी कळेल, भाई कुणाच्या बाजूचा आहे ते.