जामीन झाला, पण गोळी तुटली तर? तुरुंगातल्या एचआयव्हीचा गावाशी काय संबंध

फेब्रुवारी २०२४ मध्ये लखनौच्या जिल्हा तुरुंगात ६३ कैदी एचआयव्हीबाधित असल्याची बातमी आली. आदल्या वर्षी उत्तराखंडात हल्द्वानीच्या तुरुंगात ४४ जण निघाले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच बोंब, तुरुंगात रोग पसरला. लखनौच्या तुरुंग प्रशासनाचं म्हणणं मात्र वेगळं होतं. लागण बाहेरच झालेली, नशेच्या वापरलेल्या सुयांमधून; आत तपासणी झाली म्हणून ती कळली.

म्हणून आत लागण होतच नाही, असंही नाही. दाटी, एकाच सुईने गोंदण, लपूनछपून नशा, असुरक्षित संबंध हे सगळं तुरुंगात होऊ शकतं, कागदावर मात्र काहीच होत नसतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत कैद्यांमध्ये बाधितांचं प्रमाण १.९३ टक्के निघालं. देशातल्या प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे.

आता गावाकडे या. २०२२ अखेर देशातल्या ५.७३ लाख कैद्यांपैकी ४.३४ लाख कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून चालूच. बांधावरून डोकी फुटली, कलमं लागली, की आपल्यातलाच माणूस आधी पोलीस कोठडीत, मग तुरुंगात. जामीन आठ दिवसांत होईल की आठ महिन्यांत, सांगता येत नाही.

खरी अडचण इथंच आहे. एआरटीची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. अटक झाली तेव्हा डबी घरी फळीवर राहिली. कोठडीत चारचौघांसमोर ‘मला एचआयव्ही आहे’ कोण म्हणणार? सुटताना पुन्हा तेच. जामिनाचा कागद संध्याकाळी आला, माणूस गेटबाहेर पडला आणि सरळ एसटी धरली. औषधाचे कागद आतच. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, कधी कधी औषधालाही दाद देत नाही. घरी बायको असते, तिलाही धोका.

कायदा बघितला तर चांगला आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सरकारच्या ताब्यातल्या माणसाला समुपदेशन, तपासणी आणि उपचारांचा हक्क त्यात दिलाय. संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडायचं नाही. पण सुटणाऱ्याच्या हातात गोळ्या आणि चिठ्ठी पडली का, हे गेटवर बघायचं कुणी? आवक-जावकच्या वहीत माणसाची नोंद होते, तशी त्याच्या औषधाचीही व्हायला हवी.

तोवर घरच्यांनाच धावपळ करावी लागणार. अटक झाली की गोळ्या आणि एआरटी केंद्राचं पुस्तक घेऊन तुरुंगाच्या डॉक्टरला गाठायचं, बाकी कुणाला सांगायची गरज नाही. दाद लागली नाही तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज द्यायचा. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. सुटताना जवळच्या एआरटी केंद्राच्या नावाने चिठ्ठी मागून घ्यायची. सरकारी केंद्रात औषध मोफत आहे. माहितीसाठी १०९७ हा फोन नंबर, त्यालाही पैसे पडत नाहीत.