तुझ्यासारखंच की!

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी लातूरहून मामेभावाचा फोन. पठ्ठ्याने दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा बसतोय. तर म्हणे, "दादा, मी मिलिटरीत ड्रोन ऑपरेटर व्हायलो. कोर्सचे पैसे पप्पा द्यायलेत. तू फक्त आईला समजाव. बॉर्डरवर जायचं कामच नाही. एसीत बसायचं, स्क्रीन बघायची, बटन दाबायचं. तुझ्यासारखंच की!"

तुझ्यासारखंच... आता काय बोलणार, कप्पाळ! :)

पण विषय डोक्यातून जाईना. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, टीव्हीवर रात्रभर ड्रोन दिसले. तेव्हापासून नांदेडला घरी गेलो की ओळखीची पोरं हेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी कोर्सचं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डीजीसीएचं रिमोट पायलट सर्टिफिकेट मिळतं. वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत ट्रेनिंग, बस्स. सोयाबीनवर फवारणी, जमिनीची मोजणी, शूटिंग... चांगली कामं आहेत. पण त्या कागदावर फौजेत भरती होत नाही. तिथे आधी सैनिक व्हावं लागतं, ड्रोन नंतर.

वायुदलाने २०२२ मध्ये वेपन सिस्टिम्स ही नवी शाखा जाहीर केली, रिमोटवरची विमानं त्यात येतात. पण ती अधिकाऱ्यांची शाखा. एनडीएतून वायुदलात जायचं तर बारावीला मॅथ्स पाहिजे, आणि आमच्या साहेबांनी डॉक्टर व्हायचं म्हणून ते केव्हाच सोडलेलं! लष्कराची मोठी ड्रोन आर्मी एव्हिएशनकडे आहेत, त्यांचं ट्रेनिंग स्कूल आपल्या नाशिकला. लहान ड्रोन पायदळाकडे. जुलै २०२५ मध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदींनी द्रासला पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून असतील असं सांगितलं. तिथे जवान म्हणून जायचं तर अग्निवीर. चार वर्षं, आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के.

आणि पायदळ म्हणजे बॉर्डरच की रे बाबा! युक्रेनमध्ये छोटे ड्रोन उडवणारे आघाडीजवळच्या तळघरात नाहीतर खंदकात बसतात, आणि शत्रू मुद्दाम त्यांनाच हुडकतो.

बरं, समजा एसीवाली खोली मिळाली. अमेरिकेचे ड्रोन पायलट नेवाडाच्या वाळवंटात बसून अफगाणिस्तानात मिसाइल सोडायचे आणि शिफ्ट संपली की गाडी काढून घरी. २०१३ मध्ये अमेरिकन सैन्यदलांच्याच आरोग्य विभागाने तपासलं, तर मानसिक त्रासाचं प्रमाण ह्यांच्यात आणि खरं विमान उडवणाऱ्यांत सारखंच निघालं. मला त्यात नवल वाटत नाही. विमानवाला बॉम्ब टाकून निघून जातो. ड्रोनवाला कधी कधी त्या माणसाला दिवसचे दिवस बघत असतो. त्याचं अंगण, त्याची पोरं. मग बटन. आणि नंतरही बघतच राहायचं, कोण मेलं ते मोजायला.

मी शुक्रवारी रात्री रिलीज करतो. फसलं तर रोलबॅक मारतो, क्लायंटला सॉरीचा मेल टाकतो. माझं बटन एवढंच आहे. त्याचं तसं नाही.

ह्याचा अर्थ जाऊ नको असा नाही हं. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने ३१ एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला. ती चालवायला कुणाची तरी पोरं लागणारच, मग आपलीच का नको? फक्त सैनिक व्हायचंय म्हणून जा. सेफ आहे म्हणून जाऊ नको, एवढंच माझं म्हणणं.

रविवारी मामीला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ह्याला कोणी मारणार नाही, पण ह्याला मारावं लागंल. असंच ना रे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

असो. कोर्सचे पैसे सध्या बँकेतच आहेत. पोरगा मात्र पहाटे पाचला उठून पळायला जायलाय म्हणे.