यंत्र बसल्यानंतरचा प्रवास

ज्या व्याधीला आपले वैद्य कंपवात म्हणत आले आणि जिचे आधुनिक वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले, तिच्या रोग्याला लेव्होडोपाची गोळी आरंभीची काही वर्षे उत्तम साथ देते. पुढे मात्र गोळीचा अंमल लवकर ओसरू लागतो, आणि ज्या हाताने आयुष्यभर तिफण धरली त्याच हाताने भाकरीचा घास तोंडापर्यंत नेणे दुष्कर होऊन बसते. अशा अवस्थेतील निवडक रोग्यांसाठी, फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून विकसित केलेली शस्त्रक्रिया हे खरोखर वरदान आहे. मेंदूच्या गाभ्यात बारीक तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरीचे लहानसे यंत्र, आणि त्यातून वाहणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह, एवढ्या सामग्रीने कंप शमतो, आखडलेले अवयव सैलावतात, गोळ्याही बहुधा कमी होतात. व्याधी समूळ जात नाही, तिची वाढ थांबत नाही, आणि वाणी तर कधी अधिकच अस्पष्ट होते. हे घरच्यांना आधीच स्वच्छ सांगितले पाहिजे.

मुंबईत ही शस्त्रक्रिया गतशतकाच्या अखेरीपासून होत आहे. परंतु परभणी जिल्ह्यापुरते बोलायचे तर खरी अडचण तिच्यानंतर सुरू होते. प्रवाहाची तीव्रता आणि गोळ्यांचे प्रमाण यांचा मेळ बसेपर्यंत रोग्याला कित्येक महिने पुनःपुन्हा तज्ज्ञापुढे यावे लागते, आणि जुळवणीपूर्वी पुष्कळदा आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. म्हणजे पालम किंवा सोनपेठकडील वृद्धाने, देह लाकडासारखा ताठरलेला असताना, रात्रभराचा रेल्वेप्रवास करून मुंबई गाठायची, आणि मुलाने ऐन पेरणीत रान टाकून त्याच्यासोबत जायचे. हा भार मला अन्यायाचा वाटतो, कारण तो टाळता येण्याजोगा आहे.

परभणीस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे दरमहा एक दिवस या कामाचा जाणकार मेंदूविकारतज्ज्ञ यावा, जुळवणीचे हातात मावणारे उपकरण त्याच्याजवळ असावे. आणि साधी बॅटरी बहुधा तीन ते पाच वर्षांत बदलावी लागत असल्याने, त्या खर्चाची तजवीज सरकारने आधीच करून ठेवावी. बॅटरी संपली की कंप परत येतो, आणि त्या घडीला आपला कागद कोणत्या कचेरीत अडकला आहे याची चौकशी करीत हिंडण्याचे बळ त्या माणसाच्या पायांत उरलेले नसते.